वजन उतरलं, सैल कातडी राहिली: प्लास्टिक सर्जन कसा निवडायचा?

सांजसावली

नमस्कार. बरेच दिवस इथले धागे नुसते वाचतेय, आज पहिल्यांदाच लिहितेय. वय ४३, उंची १६० सेंमी. दोन वर्षांपूर्वी स्लीव्हचं, म्हणजे जठर लहान करण्याचं, ऑपरेशन झालं तेव्हा वजन १२६ किलो होतं, आता ७६ आहे. साखर आटोक्यात आली, गुडघे दुखायचे थांबले, जिना चढताना धाप लागत नाही. जे मिळालं त्याबद्दल माझी काहीही तक्रार नाही. हे आधीच सांगते, कारण घरी विषय काढला की "आता आणखी काय हवंय तुला?" एवढंच ऐकायला मिळतं.

प्रश्न कातडीचा आहे. ओटीपोटाची घडी मांडीवर येऊन टेकते. तिच्याखाली सारखी ओल राहते. बुरशीचं मलम लावलं की काही दिवस बरं वाटतं, मग पुन्हा लाल होऊन चरचरायला लागतं. जरा पळायला गेलं की ती घडी हिंदकळते आणि कंबर भरून येते. दंड बाहीत मावावेत म्हणून मोठ्या मापाचा कपडा घ्यावा लागतो, आणि तो छातीला ढगळ होतो. मांड्या आतून घासतात ते वेगळंच.

दोन सर्जनना दाखवून झालं. पहिले म्हणाले, "पोट, दंड, मांड्या एकदमच उरकून टाकू. एकदाच भूल, एकदाच सुट्टी." मी खुर्चीत बसलेली असतानाच तपासणी झाली. मोबाइलवर आधीचे-नंतरचे थोडे फोटो दाखवले आणि मदतनीस मुलगी लगेच तारीख विचारायला लागली.

दुसऱ्या डॉक्टरबाईंनी मला उभं करून पाहिलं, मग झोपवून, मग पुढे वाकायला लावून. उजव्या बरगडीखाली पित्ताशयाच्या जुन्या ऑपरेशनचा लांब व्रण आहे. त्यावरून बराच वेळ बोट फिरवत राहिल्या. मग म्हणाल्या, "वजन एका जागी थांबू दे, रक्ताच्या तपासण्या करून या, मग आधी फक्त पोटाबद्दल बोलू." माझं वजन अजून थोडं थोडं उतरतंय हे खरं आहे. गेल्या चार महिन्यांत पाच किलो गेलं.

घरच्यांना पहिले डॉक्टर पसंत आहेत, कारण एका दमात सुटका. दुसऱ्या डॉक्टर मला टाळतायत की खरंच काळजी घेतायत, तेच मला कळत नाही. नुसत्या लायपोसक्शनने भागेल का? व्यायामाने कातडी परत आवळते का? आणि सर्जनला नेमकं काय विचारायचं? ज्यांनी करून घेतलंय त्यांनी कृपया सांगा.

---

हिरवळवाट

ताई, तुमच्या शेवटच्या प्रश्नांपैकी दोन पटकन सांगते. लायपोसक्शन चरबी काढतं, कातडी काढत नाही. आधीच सैल असलेल्या जागची चरबी काढली तर ती जागा आणखी लोंबते. सर्जन कधीकधी मुख्य ऑपरेशनच्या जोडीला करतात, पण तुमच्या पोटाला ते एकटं पुरणार नाही.

व्यायामाने खालचा स्नायू भरतो, दंड थोडे बरे दिसतात. ताणली गेलेली कातडी मात्र त्याने आवळत नाही. मी हे मान्य करायला फार वेळ लावला नाही, पण क्रीम आणि मशीन विकणारे अजूनही मेसेज पाठवत असतात. त्यात पैसे घालवू नका.

माझे फक्त दंड झालेत. व्रण काखेपासून कोपरापर्यंत, दंडाच्या आतल्या बाजूने. पहिलं वर्ष तो गडद आणि जाड होता, आता फिकट झालाय, पण हात वर केला की दिसतो. मला चालतं. तुम्हाला चालेल का, हे आरशासमोर हात वर करून, पेनने रेघ ओढून बघा.

---

आडवाट

सांजसावली ताई, माझं वजन ऑपरेशनशिवाय उतरलं, पण उरलेल्या कातडीची गत तुमच्यासारखीच होती. आधी पोट आणि कंबर, मग सावकाश दंड, असं करून घेतलं. त्यामुळे जरा सविस्तर लिहिते.

पहिली गोष्ट, त्या डॉक्टरबाई तुम्हाला टाळत नाहीयेत. ज्या व्रणावर त्या बोट फिरवत होत्या, तीच कदाचित तुमच्या बाबतीतली सगळ्यांत मोठी गोष्ट आहे. पोटाच्या ऑपरेशनमध्ये बेंबीच्या वरची कातडी चरबीसकट खालच्या स्नायूंपासून सोडवतात आणि खाली ओढून शिवतात. सोडवताना मधून वर येणाऱ्या रक्तवाहिन्या कापाव्या लागतात. मग त्या कातडीला रक्त मिळतं ते बाजूंनी, बरगड्यांकडून. बरगडीखालचा तिरका व्रण नेमकी तीच वाट अडवतो. व्रणाच्या खालच्या-आतल्या बाजूच्या भागाला रक्त पुरलं नाही तर तिथली कातडी काळी पडू शकते, मरू शकते. म्हणून ऑपरेशन होणारच नाही असं नाही. कातडी कमी सोडवायची, छेदाची आखणी बदलायची, असे मार्ग सर्जनकडे असतात. पण ज्यांनी तो व्रण पाहिलाच नाही त्यांनी तारीख द्यावी, हे मला अजिबात पटलेलं नाही.

उभं करणं, झोपवणं, वाकवणं यालाही कारण आहे. उभं राहिल्यावर कातडी किती लोंबते ते कळतं. झोपून मान उचलायला लावली की पोटाचे दोन उभे स्नायू मधून फाकलेत का, कुठे हर्निया आहे का, ते हाताला लागतं. आणि झोपल्यावरही पोट फुगीरच राहिलं तर आतली, आतड्यांभोवतीची चरबी अजून बाकी आहे असं समजतात. ती चरबी या ऑपरेशनने निघत नाही. वरून कितीही घट्ट शिवलं तरी पोट सपाट होत नाही. बसल्या जागी यातलं काहीही कळत नाही.

वजन थांबू देण्याबद्दल. लठ्ठपणाच्या ऑपरेशननंतर साधारण १२ ते १८ महिने झालेले असावेत आणि त्यानंतरचे निदान ३ ते ६ महिने वजन एका जागी असावं, असं बहुतेक सर्जन मानतात. तुमचे पहिले महिने भरलेत, दुसरी अट अजून पुरी व्हायचीय. आज कातडी घट्ट शिवली आणि नंतर आणखी वजन गेलं तर तीच कातडी पुन्हा सैल पडेल. शिवाय वजन उतरत असतं तेव्हा शरीराला जेमतेम मिळत असतं, आणि जखम भरून यायला तर भरपूर लागतं.

आता नावांचा गोंधळ. दोघांकडून शस्त्रक्रियेचं नेमकं नाव लिहून घ्या, कारण "पोटाचं ऑपरेशन" या एका शब्दात तीन-चार वेगळ्या गोष्टी येतात. पॅनिक्युलेक्टमी म्हणजे फक्त लोंबणारी घडी कापून काढणं. स्नायू शिवत नाहीत, बेंबीच्या वरच्या भागात फारसा फरक पडत नाही. तुमचं चरचरणं आणि ओल त्याने जाऊ शकतं. विमा मदत करणार असेल तर बहुधा यालाच करतो, आणि त्यासाठी पुरळाचे फोटो, औषधांच्या चिठ्ठ्या असा लेखी पुरावा मागतात. तो आजपासूनच जमवा. अॅब्डॉमिनोप्लास्टीत स्नायू शिवतात आणि बेंबी तिच्या देठावर तशीच ठेवून कातडीतल्या नव्या भोकातून बाहेर काढतात. कातडी आडवीही जास्त असेल तर एक उभा छेद वाढवतात, त्याला फ्लर-द-ली म्हणतात. आणि कंबर, पाठीचा खालचा भाग, नितंब हे सगळं सैल असेल तर पूर्ण गोल छेद घेऊन करतात ते लोअर बॉडी लिफ्ट. माझं हे शेवटचं झालं. व्रण कमरेभोवती पट्ट्यासारखा फिरलाय.

एवढी कातडी ओढून शिवली तर टाके टिकतात कसे, हा प्रश्न मला पडला होता आणि मी तो विचारला. सर्जनने कागदावर चित्र काढून दाखवलं. कातडीखालच्या चरबीत एक चिवट पडदा असतो. ओढ त्या पडद्याने सोसायची आणि वरची कातडी नुसती टेकवून शिवायची, म्हणजे व्रण रुंदावत नाही. टेड लॉकवुड नावाच्या सर्जनने १९९१ मध्ये या पडद्याचं महत्त्व मांडलं आणि बॉडी लिफ्टची पद्धत त्यावर पुढे गेली. मला ते शास्त्र किती कळलं हा भाग सोडा. माझ्या प्रश्नाला कंटाळा न करता माणूस पेन हातात घेतो, हे मी पाहिलं आणि तिथेच माझं मन बसलं.

आता काय विचारायचं ते. पदवी आणि नोंदणी आधी तपासा. "कॉस्मेटिक सर्जन" असं पाटीवर कोणीही लिहितो. प्लास्टिक सर्जरीचं रीतसर प्रशिक्षण आहे का, ते तुमच्या देशाच्या वैद्यकीय परिषदेच्या नोंदवहीत स्वतः बघा. मग विचारा की भरपूर वजन उतरलेल्या लोकांची ऑपरेशन्स तुम्ही नेहमी करता का. बाळंतपणानंतरच्या पोटाचं ऑपरेशन आणि आपलं, यात खूप फरक आहे. आपली कातडी आतून झिजलेली असते, तिच्यातले लवचिक धागे तुटलेले असतात.

फोटो मागताना तुमच्या वयाच्या, तुमच्यासारख्या अंगाच्या बाईचे, एक वर्षानंतरचे, हात वर केलेले आणि बाजूने काढलेले मागा. महिन्याभरानंतरचे समोरून काढलेले फोटो काही सांगत नाहीत.

आणि हा प्रश्न नक्की विचारा: "तुमच्या पेशंटना काय काय त्रास झाला, आणि तेव्हा तुम्ही काय केलं?" कातडीखाली पाणी साठणं, म्हणजे सेरोमा, आणि टाक्यांचं तोंड कुठेतरी उघडणं, हे या ऑपरेशनमध्ये नेहमी दिसतं, चांगल्या हातांतही. माझ्या सर्जनने सुई घालून पाणी कसं काढतात, किती वेळा काढावं लागू शकतं, ते आधीच सांगितलं होतं. पुढे माझं मागच्या बाजूला, माकडहाडाच्या वर, टाक्यांचं तोंड उघडलं. बसताना ताण येतो तीच जागा. रोज ड्रेसिंग करून आतून भरत आणलं. कटकट झाली, पण घाबरगुंडी उडाली नाही, कारण काय होऊ शकतं ते माहीत होतं. जो सर्जन "आमच्याकडे असं काही होतच नाही" म्हणतो, त्याच्याकडे मी जाणार नाही.

---

रात्रपाळी

मी ऑपरेशन थिएटरमध्ये नर्स आहे, आडवाट यांनी सर्जनबद्दल लिहिलंय त्यात मला भर घालायची नाही. "एकदमच उरकून टाकू" याबद्दल मात्र बोलायलाच हवं.

तिन्ही जागा एकदम म्हणजे तासन्‌तास भूल. वेळ वाढला की रक्त जास्त जातं, अंग गार पडतं, आणि पायांत गुठळी होण्याचा धोका वाढतो. ती गुठळी फुप्फुसात गेली तर जिवावर बेततं. दोन जागा एकत्र करणारे चांगले सर्जन आहेत, दोन टीम एकाच वेळी काम करतात, तेही मी पाहिलंय. पण मग त्यांनी तास किती लागतील, कोण कोण असेल, अतिदक्षता विभाग त्याच इमारतीत आहे का, हे सांगायला हवं. "एकदाच सुट्टी" हे वैद्यकीय कारण नव्हे. शिवाय दोन्ही दंड आणि पोट एकदम बांधलेलं असलं की हातावर जोर देऊन पलंगावरून उठता येत नाही, आणि आमचा तर आग्रह असतो की पेशंटने त्याच संध्याकाळी किंवा दुसऱ्या दिवशी चालावं. टप्प्याटप्प्याने करताना मध्ये निदान तीन महिने तरी ठेवतात.

गुठळीसाठी तुमचा धोका किती हे आधी मोजतात का, ते विचारा. कॅप्रिनी नावाची गुणपद्धत असते. वय, वजन, घरात कुणाला गुठळी झाली होती का, हार्मोनच्या गोळ्या, या सगळ्याचे गुण धरतात. त्यावरून पोटऱ्यांना दाबणारी यंत्रं, रक्त गोठू न देणारी हेपरिनची इंजेक्शनं, ती किती दिवस, हे ठरतं. घरी गेल्यावर एकच पोटरी दुखून सुजली किंवा अचानक धाप लागली, छातीत दुखलं, तर सकाळची वाट बघायची नाही, सरळ इमर्जन्सीत जायचं.

वजनासाठी आठवड्याचं इंजेक्शन घेत असाल, सेमाग्लुटाइड, टिर्झेपाटाइड वगैरे, तर भूलतज्ज्ञांना स्वतःहून सांगा. या औषधांनी पोट रिकामं व्हायला वेळ लागतो. उपाशी असूनही पोटात अन्न राहिलेलं असू शकतं आणि भूल देताना ते श्वासनलिकेत जाऊ शकतं. कधी थांबवायचं, थांबवायचं की नाही, हे तेच ठरवतील. लोक हे इंजेक्शन "औषध" म्हणून लिहीतच नाहीत, म्हणून मुद्दाम सांगतेय.

रक्ताच्या तपासण्यांत हिमोग्लोबिन, फेरिटिन (शरीरात साठलेलं लोह), बी १२, ड जीवनसत्त्व, अल्ब्युमिन (रक्तातलं प्रथिन), जमलं तर झिंकही बघून घ्या. स्लीव्ह किंवा जठराच्या बायपासनंतर लोह कमी असणं इतकं नेहमीचं आहे की ते गृहीतच धरावं. प्रथिनं दिवसाला ६० ग्रॅमच्या खाली असतील तर जखम रेंगाळते. ऑपरेशनच्या आधी त्याहून बरंच जास्त घ्यायला सांगतात. पोट लहान झालंय त्यामुळे हे एका आठवड्यात जमत नाही, आजपासून सुरू करा.

तुम्ही ओढत नसाल, पण इतर वाचणाऱ्यांसाठी: निकोटिन आधी आणि नंतर निदान चार-चार आठवडे बंद. पॅच, च्युइंगम, तंबाखू, व्हेप, सगळं त्यात आलं. निकोटिनने बारीक रक्तवाहिन्या आकसतात आणि टाक्याच्या कडेची कातडी मरते. काही सर्जन ऑपरेशनआधी लघवीत कोटिनिन, म्हणजे निकोटिनपासून शरीरात तयार होणारा अंश, तपासतात. तपासणारा सर्जन चांगला समजा.

---

सांजसावली

सगळ्यांचे मनापासून आभार. व्रणाचं कारण वाचून अंगावर काटा आला. पित्ताशयाचं ऑपरेशन इतकं जुनं आहे की पहिल्या डॉक्टरांना ते सांगावं असं मला सुचलंच नाही, आणि त्यांनी विचारलंही नाही.

एक राहिलं. डॉक्टरबाई बोलता बोलता म्हणाल्या होत्या की उभा छेदही लागू शकतो. मी तेव्हाच मनातून नाही म्हटलं होतं. आडवा व्रण कपड्यात झाकतो, उभा मात्र छातीपासून खाली... तो टाळता येतो का? आणि कातडी काढल्यावर वजन किती कमी होईल?

---

आडवाट

वजनाच्या आकड्याची अपेक्षा ठेवू नका. कातडी थोडेच किलो भरते, आणि पहिल्या आठवड्यांत सुजेमुळे काटा उलट वर गेलेला दिसतो. माझ्या हालचालीत जो फरक पडला तो काट्यावर कधी दिसला नाही.

उभ्या छेदाचं असं आहे. उभं राहून बेंबीच्या वर, दोन्ही हातांनी बाजूची कातडी मधे गोळा करून बघा. मोठी चिमूट हातात आली तर ती आडवी जास्तीची कातडी आहे. फक्त खाली ओढून ती जात नाही, पोटाच्या वरच्या भागात सैल राहते. उभा छेद घेतला तर कंबर आत येते, पण व्रण दिसतो, आणि जिथे उभा आणि आडवा छेद मिळतात त्या टोकाला जखम उघडण्याची शक्यता सगळ्यांत जास्त. त्यात तुमचा जुना व्रण. त्यामुळे तुमच्या बाबतीत उभा छेद हवा की नकोच, हे मी इथून सांगू शकत नाही. डॉक्टरबाईंना हे तीन प्रश्न एकत्र विचारा: जुना व्रण, उभा छेद, आणि उभा छेद न घेतल्यास वरचा भाग कसा दिसेल. पेनने अंगावर आखून दाखवायला सांगा आणि तो फोटो घरी आणा. उभा छेद नको हा तुमचा निर्णय असू शकतो. सर्जनला तो मान्य करायला काहीच हरकत नसते, फक्त त्यांनी परिणाम काय होईल ते स्पष्ट सांगायला हवं.

---

लांबपल्ला

पुरुष म्हणून एक भर घालतो. माझी छाती लोंबायची, सुजलेल्या ग्रंथी आणि सैल कातडी दोन्ही. पोहणं सोडलं होतं. ऑपरेशन चांगलं झालं, स्तनाग्रं जागेवर बसली, पण तिथली संवेदना पूर्ण परत आली नाही. हे मला आधी सांगितलं होतं, तरी अनुभवताना वेगळं वाटतं. पोटाच्या ऑपरेशननंतरही बेंबीखालचा भाग बरेच महिने बधिर राहतो, काहींना कायमचा. गरम पाण्याची पिशवी तिथे ठेवू नका, भाजलेलं कळत नाही.

दुसरं, मनाचं. वजन उतरून बराच काळ झाला तरी दारातून जाताना मी आडवा व्हायचो, जागा पुरणार नाही असं वाटायचं. ऑपरेशननंतरही ते काही काळ चाललं. माझ्या सर्जनने आधी एका मानसोपचारतज्ज्ञाशी बोलायला सांगितलं तेव्हा राग आला होता, पण त्या दोन-तीन भेटींत मला कशासाठी हे करायचंय ते नीट बोलता आलं. ताई, तुमची कारणं तर तुम्ही इथेच स्वच्छ लिहिलीत: ओल, चरचर, पळणं, कपडे. घरच्यांना तोच परिच्छेद वाचून दाखवा. "आणखी काय हवंय" याचं उत्तर त्यात आहे.

---

सांजसावली

वाचून दाखवला. आई काही बोलली नाही, मग रात्री विचारलं की मलम लावूनही अजून आग होते का. पुढच्या वेळी डॉक्टरबाईंकडे ती सोबत येणार आहे.

रक्ताच्या तपासण्या उद्या. पित्ताशयाच्या ऑपरेशनचे कागद शोधतेय, ते उघडं केलं होतं हे व्रणावरूनच दिसतं, पण आत जाळी वगैरे काही बसवली होती का ते डॉक्टरबाईंनी विचारलं होतं. रात्रपाळी, घरी गेल्यावर किती दिवस माणूस सोबत लागतो? रजा त्या हिशोबाने टाकायचीय.

---

रात्रपाळी

फक्त पोट असेल तर पहिला आठवडा पूर्णवेळ कुणीतरी हवंच. ड्रेनच्या, म्हणजे जखमेतलं पाणी बाहेर काढणाऱ्या, नळ्या असतील तर रोज त्यातलं पाणी मोजून वहीत लिहायचं असतं, आणि ते मोजणारा माणूस तुम्ही नसलेला बरा. कमरेत थोडं वाकून चालावं लागतं, झोपताना पाठीखाली उशा आणि गुडघ्यांखाली एक. पलंग उंच असेल तर आधीच बघून ठेवा. बसून करायचं काम असेल तर बरेच जण दोन-तीन आठवड्यांनी रुजू होतात. जड उचलणं सहा आठवडे नाही, घट्ट पट्टा साधारण तेवढाच काळ. रजा टाकताना एक आठवडा जास्तीचा ठेवा, टाका उघडला तर उपयोगी पडतो.

आणि निघताना रात्रीचा फोन नंबर घ्या. रिसेप्शनचा नको. रात्री दोन वाजता ताप आला तर कोण उचलतं, सर्जन की त्यांचा सहकारी, त्याचं नाव विचारून घ्या.